तोंड आलंय? आधी मिठाचं पाणी

उज्जैनला रेल्वे स्थानकाजवळच्या देवास गेटवर सकाळी पोहे मिळतात ते शेव आणि जिरावण मसाला भुरभुरून. एरवी हवीहवीशी वाटणारी ही चव, तोंड आलेलं असेल तर पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणते. हिंदीत ‘मुँह में छाले’. शिंदेशाहीपासून माळव्यात राहिलेल्या मराठी घरांत मात्र ‘तोंड आलं’.

सर्वांत भरवशाचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. झोंबतं, पण जखम स्वच्छ राहते. नंतर साजूक तूप किंवा मध लावला की फोडावर थर बसतो आणि घास कमी बोचतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात नको. जाईची कोवळी पानं चावून थुंकणं हा आयुर्वेदातला जुना उपाय.

टाकणखाराची लाही मधातून लावायची पद्धतही जुनीच. पण टाकणखार पोटात गेला तर विषारी ठरतो, म्हणून लहान मुलांना तो लावूच नये.

साधे फोड एक ते दोन आठवड्यांत बरे होतात. वारंवार येत असतील तर लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी आहे का, हे रक्त तपासून पाहावं.

मध्य प्रदेशात 2012पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही तंबाखू-सुपारी खाणारे आहेतच; त्यांच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा तोंड पुरतं उघडेना, तर घरगुती उपाय थांबवून थेट दंतवैद्य गाठावा.