विषात पाय, तरी एकदम फिट!

रविवारी तिसऱ्यांचं सुकं चापताना कधी मनात आलंय का, की या तिसऱ्यांचे काही दूरचे नातेवाईक जगातल्या सगळ्यात बेकार पत्त्यावर राहत असतील? पत्ता असा: समुद्राचा तळ, एक-दोन किलोमीटर खोल. ऊन शून्य. पाणी फ्रीजसारखं गार. आणि पायाखालच्या चिखलात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास मारणारं जालीम विष. तरीही ही मंडळी तिथे मजेत!

या ठिकाणांना म्हणतात ‘कोल्ड सीप’. तळातून इथे मिथेन झिरपत असतो. फ्लोरिडाजवळ, मेक्सिकोच्या आखातात तीन हजार मीटरपेक्षा जास्त खोलीवर सापडलेल्या अशा वस्तीची बातमी १९८४ साली प्रसिद्ध झाली आणि शास्त्रज्ञ चाटच पडले.

चिखलात शिजतं काय?

खालून मिथेन वर येतो, समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट गाळात खाली उतरतं. दोघांची गाठ पडते तिथे सूक्ष्मजीवांची एक जोडी कायम ड्यूटीवर! आर्किया मिथेन फोडतात, त्यांचे पार्टनर बॅक्टेरिया सल्फेट वापरतात. तेही ऑक्सिजनशिवाय. अमेरिकेत ओरेगॉनसमोरच्या ‘हायड्रेट रिज’च्या गाळात हे टीमवर्क २००० साली प्रत्यक्ष दिसलं. यातून बायकार्बोनेट तयार होतं, ज्याचा पुढे चुनखडीसारखा खडक बनतो. आणि दुसरं उरतं ते सल्फाइड. इतरांसाठी विष, आपल्या हिरोसाठी लंचबॉक्स.

हिरोचं नाव कॅलिप्टोजेना. हा शिंपला चिखलात अर्धा रुतून बसतो. पाय खाली सल्फाइडमध्ये, श्वासाची नळी वर ऑक्सिजनच्या पाण्यात. सल्फाइड रक्तातून कल्ल्यांपर्यंत जातं, ऑक्सिजन पाण्यातून थेट कल्ल्यांत मिळतो. तिथे राहणारे बॅक्टेरिया सल्फाइडमधून ऊर्जा काढून अन्न बनवतात. म्हणजे घरातच कँटीन! त्यामुळे याची पचनसंस्था नावापुरतीच उरलीय. मग विष बाधत कसं नाही? रक्तातला जस्त असलेला एक पदार्थ सल्फाइडला घट्ट धरून ठेवतो आणि थेट कल्ल्यांत पोचवतो. शिवाय रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन, म्हणून मांसही लालसर.

इथेही लोकेशनचा फंडा आहेच. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात शास्त्रज्ञांनी गाळातलं पाणी तपासलं, तेव्हा याच कुळातल्या दोन जातींनी जागा वाटून घेतलेल्या दिसल्या. एक जास्त सल्फाइडच्या जागी, दुसरी कमी सल्फाइडच्या कडेला.

आणि आपल्याकडे?

आहे ना! गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना २०१८ साली ‘सिंधु साधना’ जहाजावरून बंगालच्या उपसागरात, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात जिवंत कोल्ड सीप सापडला. खोली सुमारे १८०० मीटर. तिथेही कॅलिप्टोजेना हजर.

आता खरी गोची. याच खोऱ्यात २००६ सालच्या मोहिमेत गॅस हायड्रेटचे जाड थर सापडले होते. गॅस हायड्रेट म्हणजे बर्फाच्या पिंजऱ्यात अडकलेला मिथेन, उद्याचं संभाव्य इंधन. व्यावसायिक उत्पादन अजून सुरू झालेलं नाही, पण इंधनाची भूक कुणाला नाही?

प्रॉब्लेम असा, की शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस पटींहून जास्त उष्णता अडवतो. समुद्रतळाच्या गाळात तयार होणारा बहुतेक मिथेन ती सूक्ष्मजीवांची जोडी पाण्यात येण्याआधीच फस्त करते. शिंपलेही त्यात हातभार लावतात. चिखल ढवळून ते वरचं सल्फेट खाली पोचवतात आणि साचणारं सल्फाइड संपवतात. उद्या तिथे ड्रिल उतरलं आणि गाळच उलथापालथ झाला, तर हे फिल्टर बंद पडू शकतं.

तेव्हा खोदायचं की नाही हे ठरवण्याआधी तिथे कोण राहतं आणि काय काम करतं, याची नीट नोंद हवी. घर घेताना आपण सोसायटीची कागदपत्रं तपासतोच ना? इथे तर सोसायटी आपली येण्याच्या कितीतरी आधीपासून वसलेली आहे.