‘फादर सर्गियस’: एक रशियन मूकपट व त्याची पारख

1918 च्या मे महिन्यांत मॉस्कोमध्यें एक मूकपट प्रथम दाखविण्यांत आला. बोल्शेविकांच्या हातीं सत्ता येऊन त्या वेळीं जेमतेम सहा महिने झाले होते. शहरांत अन्नाची टंचाई होती आणि देश यादवीच्या उंबरठ्यावर उभा होता. अशा दिवसांत प्रेक्षकांपुढें आलेल्या या चित्रपटांत ना क्रांति होती, ना लढाई. एका गर्विष्ठ सरदारपुत्राच्या अंतःकरणांतील झगडा हाच त्याचा विषय होता. याकोव्ह प्रोताझानोव्ह यांनीं दिग्दर्शित केलेला, येर्मोलिएव्ह यांच्या चित्रसंस्थेनें काढलेला व टॉलस्टॉयच्या कथेवर आधारलेला ‘फादर सर्गियस’ तो हाच.

मूळ कथा टॉलस्टॉयच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1910 नंतर, प्रसिद्ध झाली. तिचा नायक कासात्स्की हा राजनिष्ठ, महत्त्वाकांक्षी तरुण सेनाधिकारी आहे. झार पहिला निकोलस याच्यावर त्याची देवासारखी भक्ति. परंतु लग्न तोंडावर आलें असतां, आपली वाग्दत्त वधू त्याच झारची प्रेयसी होती हें त्याला तिच्याच तोंडून कळतें. मानी मनाला हा आघात सोसवत नाहीं; तो संसारावर पाणी सोडून मठांत जातो व सर्गियस हें नांव धारण करतो. पुढें त्याच्या एकांतवासांत माकोव्हकिना नांवाची एक विलासी स्त्री पैज मारून त्याला मोहांत पाडण्यासाठीं येते. मोह आवरण्याकरितां तो कुऱ्हाडीनें स्वतःचें बोट तोडतो. तें पाहून ती स्त्रीच वैराग्य पत्करते. सर्गियसची कीर्ति पसरते, दुःखितांची रीघ लागते. आणि नेमका त्या कीर्तीच्या शिखरावर असतां तो एका व्यापाऱ्याच्या मुलीपायीं घसरतो. शेवटीं नांव, मान, मठ सारें टाकून तो अनोळखी भिक्षेकरी होतो व सैबेरियांत जाऊन पडतो.

असा विषय झारशाहींत पडद्यावर येणें शक्यच नव्हतें. राजघराण्यांतील पुरुष व धर्मसंस्थेचे पुजारी यांचें चित्रण करण्यास तेथें परवानगी नसे. येथें तर झारचें शील आणि साधूचें पतन हीं दोन्ही कथेच्या मुळाशींच होतीं. प्रोताझानोव्ह यांना तर टॉलस्टॉय हा विषय एकदां चांगलाच भोंवला होता. 1912 मध्यें त्यांनीं टॉलस्टॉयच्या अखेरच्या दिवसांवर काढलेला चित्रपट टॉलस्टॉय-कुटुंबाच्या हरकतीमुळें रशियांत दाखवितां आला नाहीं. 1917 च्या फेब्रुवारींतील क्रांतीनें झार पदच्युत झाला व जुनीं बंधनें गळून पडलीं. पुढें 1919 च्या ऑगस्टमध्यें सोव्हिएट सरकारनें सारा चित्रपटधंदा आपल्या ताब्यांत घेतला. या दोहोंमधील अल्पशा अवधींत ‘फादर सर्गियस’ निर्माण झाला. एक दार मोडलें होतें आणि दुसरें अजून बसावयाचें होतें.

चित्रपटाचा सारा भार इव्हान मोझुखिन या नटावर आहे. उमद्या तरुणापासून थकलेल्या वृद्धापर्यंत नायकाचें सबंध आयुष्य त्यानें एकट्यानें उभें केलें आहे. त्या काळच्या रशियन चित्रसृष्टीची एक खास पद्धति होती. अमेरिकन चित्रांत धांवपळ असे. रशियन चित्रांत नट सावकाश वळे, थांबे, आणि त्याच्या मनांतील भाव मुखावर उमटेपर्यंत कॅमेरा वाट पाही. तेथील चित्रपटविषयक नियतकालिकेंही या संथपणाचा अभिमानानें पुरस्कार करीत. मोझुखिनचे तेजस्वी डोळे या पद्धतीचें मोठें साधन होतें.

पण पुढील पिढीच्या टीकाकारांना हाच गुण दोष वाटला. कुलेशोव्ह, आयझेन्स्टाइन, झिगा व्हेर्तोव्ह या तरुणांच्या मतें चित्रपटाचें सामर्थ्य नटाच्या मुद्रेंत नसून चित्रांच्या जोडणींत होतें. कुलेशोव्ह यांच्या एका प्रसिद्ध प्रयोगाची हकीकत येथें आठवते. मोझुखिनच्या जुन्या चित्रांतील एक निर्विकार चेहरा त्यांनीं घेतला व तो कधीं सूपाच्या थाळीशीं, कधीं शवपेटीशीं जोडला. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर कधीं भूक, कधीं शोक दिसला, असें सांगतात. ज्या मुखावर जुन्या पिढीनें अंतःकरण वाचलें, तें नव्या पिढीला नुसता कोरा कागद ठरलें!

त्या पिढीनें ‘बॅटलशिप पोतेमकिन’सारख्या कृति जगाला दिल्या, हें खरें. परंतु त्यांच्या तेजापुढें आधींच्या दशकांतील रशियन मूकपट नाटकी व कालबाह्य म्हणून दीर्घकाळ मागें पडले. मोझुखिननें 1920 मध्यें देश सोडला. फ्रान्समध्यें त्याला नवी कीर्ति मिळाली, पण बोलपट आल्यावर परक्या भाषेपुढें त्याचें कांहीं चालेना, आणि 1939 मध्यें तो निवर्तला. प्रोताझानोव्ह मात्र 1923 मध्यें परतले व सोव्हिएट चित्रसृष्टींतच काम करीत राहिले. 1989 मध्यें इटलींतील पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवांत क्रांतिपूर्व रशियन चित्रें मोठ्या संख्येनें दाखविण्यांत आलीं, तेव्हां अभ्यासकांना त्या संथपणाचा अर्थ नव्यानें उमगला.

तरीही या चित्रपटाची खरी परीक्षा टॉलस्टॉयच्याच कसोटीवर व्हावयास हवी. मूळ कथेचा गाभा मोह नव्हे, अहंकार आहे. सर्गियसचा त्यागही अहंकारानें पोखरलेला आहे. लोक पूजूं लागतात तसा त्याच्यांतील देव आटत जातो. तोडलेलें बोट कॅमेरा सहज दाखवितो. पण नम्रतेच्या आड दडलेला गर्व दाखविणें फार कठीण. लेखक तो दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. मूक नटाजवळ असते फक्त नजर. म्हणूनच येथें संथपणा अपरिहार्य होता. माणूस स्वतःला फसवीत आहे हें धांवत्या चित्रांत कळत नाहीं. त्यासाठीं त्याच्या मुखाकडे बराच वेळ पाहावें लागतें. मोझुखिनला तें सर्वत्र साधलें आहे असें नाहीं. पण जेथें साधलें आहे, तेथें तो चेहरा कोरा कागद खचित नाहीं.