पाणी, फेस आणि पाते : घरच्या दाढीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओली दाढी म्हणजे पाण्याने केस मऊ करून, त्यावर फेस चढवून पात्याने केलेली दाढी. पाणी, फेस आणि पाते ही तिची तीन अंगे. घरोघरी मात्र सगळा भर पात्यावर असतो. दाढी गुळगुळीत झाली नाही किंवा गालाची आग झाली, की आधी ब्लेड बदलले जाते, मग रेझर. वास्तविक दाढी कशी होणार हे पाते गालाला लागण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या टेंभुर्णीसारख्या गावात तर त्याची सुरुवात बादलीतल्या पाण्यापासूनच होते.

गैरसमज : दाढी केल्याने केस दाट आणि राठ येतात.

वस्तुस्थिती : केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि तो तिथेच घडतो. त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो, त्यामुळे तो कापल्याची मुळाला वार्ताही नसते. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 साली दाढीच्या केसांची मोजमापे प्रसिद्ध केली. दाढी केल्याने केसांच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, तर कापलेल्याचे बोथट. म्हणून नव्याने आलेले खुंट हाताला टोचतात आणि जास्त काळे दिसतात. मिसरूड फुटलेल्या मुलाची दाढी पुढे दाट होते ती वयात येताना वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे, वस्तऱ्यामुळे नव्हे.

गैरसमज : गालाला पाण्याचा हात लावला की दाढी सुरू करता येते, पाणी मात्र कढत हवे.

वस्तुस्थिती : केस केराटिन या प्रथिनाचा असतो. कोरडा केस ताठ आणि चिवट असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला कमी जोर लागतो. या शोषणाला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून अंघोळीनंतरची दाढी सोपी जाते. वेगळी दाढी करायची असेल, तर आधी साबणाने चेहरा धुवून तेलकटपणा काढावा आणि ओला पंचा दोन-तीन मिनिटे गालांवर धरावा. केस मऊ होतो तो मुख्यतः पाण्यामुळे. कोमट पाण्याने ते काम थोडे लवकर होते इतकेच. कढत पाणी त्वचेचे नैसर्गिक तेल काढून टाकते आणि पुढची आग वाढवते.

गैरसमज : फेस होत नसेल तर साबण किंवा क्रीम वाईट आहे.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. सोलापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. पाठ्यपुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, बोलण्यात जड पाणी. पाणी तापवायच्या भांड्याला किंवा हीटरच्या कॉइलला बसणारा पांढरा थर ही त्याची खूण. हे क्षार साबणातल्या मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा चिकट मळ तयार करतात. फेस होण्याऐवजी साबण फुटतो, आणि तो मळ पात्यावर व गालावर बसतो. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे या क्षारांचे प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी; दुसरा स्रोत नसेल तर 600 मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही फेसाला जड असू शकते.

परीक्षा सोपी आहे. बाटलीत थोडे पाणी आणि साबणाचा कीस घालून जोरात हलवावे. फेस टिकला तर पाणी सुफेन. पाणी दुधाळ होऊन वर कण तरंगले तर दुष्फेन. उपायही हाताशी आहेत. फेसासाठी एक पेलाभर पाणी पुरते. ते पिण्याच्या जारमधले, आरओचे किंवा पावसाचे साठवलेले घ्यावे. पाणी उकळून, निवळून घेतल्यास बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता जाते. सल्फेट आणि क्लोराइडची जात नाही. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, कठीणता तशीच राहते.

गैरसमज : फेस जितका फुगलेला, तितकी दाढी चांगली.

वस्तुस्थिती : फेसाची कामे दोन. केसाने शोषलेले पाणी टिकवणे आणि पाते घसरते ठेवणे. दोन्ही कामे ओलसर, दाट, सायीसारखा फेस करतो. हवेने फुगलेला कोरडा फेस करत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत पंख्याखाली बसून दाढी केली, तर एक गाल होईपर्यंत दुसऱ्यावरचा फेस वाळतो. तेव्हा पंखा बंद ठेवावा, ब्रश अधूनमधून ओला करावा आणि वाळलेल्या जागी नवा फेस लावूनच पाते फिरवावे.

गैरसमज : जास्त पाती आणि जास्त दाब म्हणजे जास्त गुळगुळीत दाढी.

वस्तुस्थिती : अदलाबदलीच्या पात्याच्या सेफ्टी रेझरचे पेटंट किंग कॅम्प जिलेट यांना 1904 साली मिळाले. त्यांच्या जिलेट कंपनीचा दोन पात्यांचा रेझर 1971 साली बाजारात आला, आणि पुढे पात्यांची संख्या वाढत गेली. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस किंचित ओढते आणि पुढचे कापते. मग उरलेला केस त्वचेच्या पातळीखाली जातो. कुरळ्या केसांच्या माणसाला हेच नडते, कारण वाढताना तो केस त्वचेतच वळतो आणि तिथे पुळी येते. अशांना एका पात्याचा रेझर अधिक मानवतो. दाब देण्याची गरजच नसते. सेफ्टी रेझर गालाशी साधारण 30 अंशांच्या कोनात धरावा, दुसऱ्या हाताने त्वचा हलकी ताणावी आणि रेझरच्या वजनानेच छोटे हात मारावेत.

गैरसमज : पहिल्यापासून उलटा हात मारला की वेळ वाचतो.

वस्तुस्थिती : केस ज्या दिशेने वाढतो त्या दिशेने, म्हणजे सुलट, पहिला हात मारावा. ही दिशा सगळीकडे सारखी नसते. गालावर ती बहुधा खाली असते, तर हनुवटीखाली आणि गळ्यावर आडवी किंवा वरही असते; बोट फिरवून ती कळते. दुसरा हात नव्याने फेस लावून आडवा मारावा. उलटा हात शेवटी, आणि त्वचेला सोसत असेल तरच. कोरड्या गालावर पुन्हापुन्हा पाते फिरवणे हे आगीचे नेहमीचे कारण आहे.

गैरसमज : पोलादी पात्यापुढे केस काहीच नाही, पाते पुसून ठेवले की बरेच दिवस चालते.

वस्तुस्थिती : पोलादाच्या मानाने केस सुमारे 50 पट मऊ, तरी तोच पात्याची धार मोडतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2020 साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचे कारण मांडले. पोलादाची सूक्ष्म रचना सर्वत्र एकसारखी नसते. केस विशिष्ट कोनात आणि विशिष्ट जागी भिडला की धारेचे बारीक टवके उडतात. पंच्यावर पुसल्याने धार आणखी दुखावते. पाते वाहत्या पाण्याखाली धरावे, पाणी झटकावे आणि कोरड्या जागी ठेवावे. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांची संघटना पाच ते सात दाढ्यांनंतर पाते बदलायला सांगते. पाते केस ओढू लागले तर त्याआधीच बदलावे.

गैरसमज : तुरटी फिरवली की जंतू मरतात, मग घरात एकच रेझर चालतो.

वस्तुस्थिती : तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचे सल्फेट. ती कापलेल्या जागची प्रथिने गोठवते आणि त्वचा आवळते, त्यामुळे बारीक रक्तस्राव थांबतो. हा तिचा खरा गुण आहे. पण रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंपासून ती संरक्षण देत नाही. हेपेटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही पसरू शकतो. म्हणून बाप-लेकांनी किंवा भावाभावांनीही एक पाते वापरू नये. तुरटीचा खडाही ज्याचा त्याचा असावा. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावले जाते ते याच कारणासाठी, आणि घरातही तोच नियम लागू आहे. दाढीनंतर गार पाण्याने चेहरा धुवून साधे मॉइश्चरायझर लावणे पुरेसे असते. झोंबणारे आफ्टरशेव्ह जास्त गुणकारी असते असे नाही. त्यातल्या अल्कोहोलने त्वचा कोरडी पडते.

सुफेन पाणी पेलाभर, भिजवायला तीन मिनिटे, ओलसर फेस, हलका सुलट हात आणि स्वतःचे धारदार पाते, एवढ्यावर घरची दाढी आग न होता गुळगुळीत होते.