आधी जमीन, मग अंगठा

1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. आगरी-कोळ्यांचं शिरवणे त्यातलंच. नोटिसा आल्या, मर्जी कोणी विचारली नाही. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे जीव गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यामुळे पदरात पडली. आपल्याकडून जे घेतलं जातं त्याचा हिशेब मागायचा असतो, हे या पट्ट्याने रक्त सांडून दाखवलंय.

दुसरं संपादन, अंगठ्याच्या ठशाचं, मात्र निमूट झालं. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढे रेशन, सिमकार्ड, बँक, जिथे जावं तिथे बोट टेकवायची वेळ आली. हा ठसा कुठे जातो, हे रांगेतल्या माणसाला कोणी सांगितलं नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या आधारविरोधी याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग बंद करणाऱ्या 1976 च्या निकालावर यशवंत चंद्रचूड यांची सही होती. तो निकाल चुकीचा होता, असं त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी 2017 च्या निकालपत्रात लिहिलं. मराठी माणसाने हे विसरू नये.

माहिती ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. 2018 च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या डिजिटल व्यवहारांची माहिती भारतातच साठवायचा आदेश दिला. शिरवण्याची एमआयडीसी ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात येते, त्याच पट्ट्यात महाप्याला, रबाळ्याला, ऐरोलीला आज डेटा सेंटर उभी आहेत. पण माहिती देशात राहिली म्हणून ती माणसाच्या ताब्यात आली, असं होत नाही.

त्यासाठीचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या 2027 च्या मध्यापासून लागू होतील. माहिती कशासाठी हवी, हे मागणाऱ्याने मराठीतही सांगण्याची सोय ठेवायची आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटींपर्यंत. हे चांगलंच आहे. मात्र सरकारी यंत्रणांना यातून सूट मिळू शकते, आणि याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलमही कडक केलं. भूखंड कोणाच्या नावावर गेला, हे विचारणाऱ्या गावांना याची झळ लागू शकते. मला हे मान्य नाही.

गावठाणात खोल्या भाड्याने जातात. भाडेकरू आधारची झेरॉक्स देतो, एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटोही मागतो. नवा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. तो पूर्ण लागू झाल्यावर खोली सोडताना एजंटाला मोबाइलमधला फोटो काढून टाकायला सांगता येईल. फाइलमधली झेरॉक्स मात्र कायद्याबाहेर राहते. ती परत मागून घ्यावी, नाहीतर पहिल्यापासूनच फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्यावं.