छोट्या शहरात पंख्याचंच विमान का येतं? सगळा खेळ रिकाम्या सीटचा आहे

एखाद्या छोट्या शहरात विमानसेवा सुरू झाली की पहिला फोटो व्हायरल होतो तो पंख्यांच्या विमानाचा. खाली कमेंट ठरलेली, "मुंबई-दिल्लीला मोठी जेट आणि आम्हाला हे डबडं?"

पण ते डबडं नसतं, तर कदाचित सेवाच सुरू झाली नसती. कसं ते बघू.

वडापवाला जीप भरल्याशिवाय हलत नाही. विमानाला ती सोय नाही. वेळ झाली की उडायचं, आणि रिकामी गेलेली सीट उद्या विकता येत नाही.

आता सोपं गणित. आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. १८० सीटच्या जेटला एका फेरीचा खर्च ६ लाख, ७८ सीटच्या एटीआरला ३ लाख. तिकीट ५ हजार.

प्रति सीट खर्च काढला तर जेट स्वस्त पडतं, साधारण ३,३०० रुपये. एटीआरची सीट पडते ३,८०० ला. मग जेटच घ्यावं ना?

थांबा. रोजचे प्रवासी ७० च असतील तर कमाई होते साडेतीन लाख. एटीआर ५० हजार नफ्यात, जेट अडीच लाख तोट्यात. तेच प्रवासी १६० असतील, तर जेट २ लाख कमावतं आणि एटीआरला निम्म्याहून जास्त लोकांना नाही म्हणावं लागतं.

मग एटीआरच्या दोन फेऱ्या मारायच्या? छोट्या विमानतळावर ते जमतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांना तर तेच हवं असतं. पण मुंबईत दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे स्लॉट मोजकेच. तिथे मिळालेल्या एका स्लॉटमध्ये जितकी जास्त माणसं नेता येतील तितकं बरं.

त्यात तासाभराच्या प्रवासात जेटच्या वेगाचा फायदा फारसा मिळत नाही आणि एटीआर इंधन कमी पितं. म्हणूनच एअरबस ए३२० वर मोठी झालेली इंडिगो २०१७ मध्ये एटीआरकडे वळली. वैमानिक, सुटे भाग, देखभाल असा सगळा वेगळा संसार मांडायची तयारी ठेवून. गोव्याच्या फ्लाय९१ ने तर २०२४ मध्ये सुरुवातच एटीआरने केली.

उलटं उदाहरण एअरबस ए३८० चं. दुमजली, चार इंजिनांचं, जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान. पण रोज इतकी माणसं मिळणारे मार्गच कमी. एकूण २५१ विमानं विकली गेली, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. दुबईत जगभरचे प्रवासी गोळा करून पुढे पाठवायचे, हा तिचा धंदाच असल्याने तिला ते परवडलं. बाकीच्यांनी हात आखडता घेतला आणि २०२१ मध्ये शेवटचं विमान देऊन उत्पादन थांबलं.

आता हे आपल्या शहराशी कसं जोडलंय? उडान योजनेत सरकार ठरावीक काळ तोटा भरून देतं. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनीच. अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. कारणं अनेक होती, पण अनुदान थांबलं की मार्गाला स्वतःच्या तिकिटांवर जगावं लागतं, आणि तिथे रिकाम्या सीट परवडत नाहीत.

त्यामुळे पंख्याचं विमान दिसलं की नाक मुरडू नका. ते रोज भरून जायला लागलं, की मोठ्या विमानाची मागणी करायला आपल्या हातात आकडा असेल.