नक्कल ओळखावी कशी?

कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील काही कारागीर परदेशी वस्तूंच्या इतक्या हुबेहूब प्रतिकृती करीत, की ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद रूढ झाला! तरीही बारकाईने पाहणाऱ्यास शिवणीवरून नक्कल ओळखता येई. सॉफ्टवेअरची, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीची, प्रत मात्र मूळ प्रतीहून तिळमात्र भिन्न नसते. मग चोरटी प्रत ओळखावी कशी?

त्यासाठी विकलेल्या प्रत्येक प्रतीला निराळा क्रमांक देतात. अंबरनाथच्या एखाद्या कारखान्याच्या कचेरीत दहा संगणक तारांनी जोडलेले आहेत, असे समजा. आज्ञावली सुरू होताच इतर संगणकांना विचारते, “माझा क्रमांक कोणी वापरीत आहे काय?” होकार आला, की ती काम नाकारते. पण तार काढली, की हा पहारेकरी बहिरा होतो.

शिवाय एकच क्रमांक दोन ठिकाणी आढळला, म्हणजे चोरी झालीच, असे नव्हे. कित्येकदा एका क्रमांकावर अनेक संगणकांचा परवाना घेतलेला असतो. म्हणून तपासनिसाने आधी परवाना पाहावा, हे बरे. जाणूनबुजून चोरटी आज्ञावली वापरणाऱ्यास १९५७ च्या कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीनुसार ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र विकत घेतलेली प्रत बिघडल्यास अडचण नको, म्हणून मालकाने जपून ठेवलेली जादा प्रत हा कायदा गुन्हा मानीत नाही.