मुक्या पिस्तुलांचा माग

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने विकत घेतलेल्या हाय स्टँडर्ड पिस्तुलांवर सरकारी मालमत्तेचा शिक्का असतो. संग्राहकांच्या बाजारात त्या शिक्क्यामुळे किंमत चढते आणि त्याच शिक्क्यामुळे पिस्तूल जप्तही होऊ शकते. माल सरकारचा होता एवढे शिक्का सांगतो. सरकारने तो केव्हा, कोणाला आणि कोणत्या हुकमाने सोडला, ते कागदाने सांगायचे असते. सायलेन्सर बसवलेली .२२ रिमफायर सरकारी पिस्तुले जमवणाऱ्यांचे अर्धेअधिक आयुष्य या कागदामागे जाते.

या छंदात सगळ्यांची नजर असते ती हाय स्टँडर्ड एचडी-एमवर. कारखाना कनेटिकटचा. कार्ल स्वेबिलिअस आणि गुस्ताव्ह बेक यांनी १९२६ मध्ये तो काढला, तेव्हा तिथे बंदुका बनत नव्हत्या. बंदुकीच्या नळ्या पोखरणारे लांब ड्रिल बनत. १९३२ मध्ये त्यांनी हार्टफर्ड आर्म्स ही कंपनी घेतली आणि नेमबाजीची .२२ पिस्तुले बनवायला सुरुवात केली. युद्ध पेटल्यावर लष्कराने ती नव्या रंगरुटांच्या सरावासाठी उचलली, कारण काडतूस स्वस्त आणि धक्का नावापुरता. याच साध्या पिस्तुलावर ओएसएसची नजर गेली. ओएसएस म्हणजे ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस, जून १९४२ मध्ये उभे राहिलेले हेरखाते, सीआयएचे पूर्वज. सायलेन्सरच्या कामी बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेची मदत झाली. माणसाचा आवाज दूरवर स्पष्ट पोहोचावा म्हणून पगार घेणाऱ्यांनी पिस्तुलाचा आवाज जवळच्यालाही ऐकू जाऊ नये म्हणून डोके चालवले! अशी पिस्तुले बनली ती अडीच हजारांहून थोडी अधिक.

.२२ च का, याचे उत्तर काडतुसात आहे. एनसीसीच्या कॅम्पात .२२ रायफल चालवलेल्याला ते ओळखीचे असते. करंगळीहून बारीक, पेटणारा मसाला मधल्या टोपीत नव्हे तर बुडाच्या कडेत, म्हणूनच रिमफायर. दारू थोडी, त्यामुळे वायूही थोडा. पिस्तुलाच्या आखूड नळीतून गोळी साधारणपणे ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या, आतच राहते. म्हणून हवेत कडाका होत नाही. एचडी-एमच्या नळीला बारीक भोके आहेत आणि भोवती कांस्याच्या जाळीची गुंडाळी. वायू त्या जाळीत शिरतो, निवतो आणि रेंगाळत बाहेर पडतो. मागे उरतो तो मुख्यतः स्लाइड मागेपुढे झाल्याचा खटका. सिनेमातल्या सायलेन्सरचा तो लाडिक ‘फुस्स’ इथे शोधू नये.

ही जाळी झिजते. काही शे गोळ्या झाल्या की ती बदलावी लागे, आणि कामावरच्या पिस्तुलांची ती बदललीही गेली. मूळ जाळी शाबूत असलेले नग म्हणूनच दुर्मीळ आहेत आणि त्यांचे मालक ते कधी झाडत नाहीत. काडतुसांचीही तीच गत. साधी .२२ गोळी उघड्या शिशाची असते, आणि हेग करारांच्या दृष्टीने युद्धात ती अडचणीची होती. म्हणून धातूच्या आवरणाच्या खास .२२ गोळ्या बनवल्या गेल्या. आज त्यांचे न फोडलेले खोकेही जपून ठेवले जातात.

एचडी-एमची सर्वात गाजलेली गोष्ट व्हाइट हाउसमधली आहे. ओएसएसचे प्रमुख विल्यम डोनोव्हन वाळूची पिशवी घेऊन रूझवेल्टच्या दालनात गेले. अध्यक्ष सेक्रेटरीला मजकूर सांगण्यात गढलेले असताना त्यांनी पिशवीत दहा गोळ्या झाडल्या आणि रूझवेल्टना पत्ताही लागला नाही, अशी ती गोष्ट. ओएसएसच्या संशोधन विभागाचे प्रमुख स्टॅनली लव्हेल यांनी १९६३ च्या आपल्या आठवणींत ती रंगवून सांगितली आहे. लव्हेल रसायनशास्त्रज्ञ होते आणि फर्डे गोष्टीवेल्हाळही. बंद खोलीत दहा वेळा स्लाइड खटकली आणि कोणी मान वर केली नाही, हे जरा जडच जाते. पण लिलावाच्या कॅटलॉगांना ही गोष्ट प्रिय आहे, आणि तिचा खरेपणा तपासण्यात विकणाऱ्याला रस नाही.

दुसरी गोष्ट मात्र पुराव्यासकट उभी आहे. १ मे १९६० रोजी स्वेर्दलोव्स्कजवळ सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचे यू-टू हेरविमान पाडले. वैमानिक गॅरी पॉवर्सच्या सामानात सायलेन्सरचे हाय स्टँडर्ड पिस्तूल सापडले. अमेरिकेने आधी हे हवामान-संशोधनाचे विमान असल्याची बतावणी केली होती. वैमानिक जिवंत हाती लागल्यावर ती कोसळली. विमानाचे अवशेष मॉस्कोच्या गॉर्की पार्कमध्ये मांडले गेले. ऑगस्टमधल्या खटल्यात पॉवर्सने पिस्तूल शिकारीसाठी दिल्याचे सांगितले. आवाज न करणाऱ्या पिस्तुलाने कसली शिकार, असा प्रश्न ऐकणाऱ्यांना पडला असेल तर नवल नाही. युद्ध संपून पंधरा वर्षे झाली तरी हे हत्यार सरकारी कोठारातून निघत होते, हे संग्राहकांना त्यातून कळले. पुढे व्हिएतनाममध्येही ते दिसले.

आता कागद. बाजारात चाललेला पहिला सायलेन्सर हायरम पर्सी मॅक्सिमचा, पेटंट १९०९ चे. तो हार्डवेअरच्या मालासारखा काही डॉलरना मिळे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टने सायलेन्सरच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसवला आणि सरकारी नोंद सक्तीची केली. मंदीच्या त्या काळात कर वस्तूच्या कैकपट झाला. खरी कलाटणी १९६८ ची. नव्या कायद्यासोबत नोव्हेंबरात तीस दिवसांची माफी जाहीर झाली: घरात जे काही बेनोंद आहे ते नोंदवा, खटला होणार नाही. ट्रंकेच्या तळाशी युद्धाची आठवण दडवून बसलेल्या काही माजी सैनिकांनी अर्ज भरले, पुष्कळांनी ‘कशाला सरकारच्या नजरेत यायचे’ म्हणून टाळले. त्या महिन्यातला अर्ज असणे-नसणे आजही पिस्तुलाची जात ठरवते. मुदत पुन्हा मिळालेली नाही.

ट्रंकांचा माग काढायला दुसरीही दप्तरे आहेत. कारखान्याच्या पाठवणीच्या नोंदी आहेत. शिवाय २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ओएसएसच्या सुमारे २४,००० माणसांच्या फायली खुल्या केल्या. त्यांत नाव सापडले की ‘आजोबा हेर होते’ या घरगुती कथेला निदान पाय फुटतात. ओएसएसची डिटॅचमेंट १०१ ही तुकडी आसामातल्या नाझिरा इथून ब्रह्मदेशात काम करी, म्हणजे यातल्या काही फायलींचा रस्ता आपल्याकडून जातो.

जिथे पैसा तिथे नक्कल. सरावाचे साधे युद्धकालीन पिस्तूल घ्यायचे, त्यावर नवी नळी चढवायची, जुने दिसेल असा रंग द्यायचा, की ‘एचडी-एम’ तयार. म्हणून जाणकार आधी शिक्क्याची अक्षरे भिंगाखाली धरतात आणि मग क्रमांक नोंदीशी ताडतात. ज्यांना ओएसएसचा नग परवडत नाही ते पुढच्या पिढीकडे वळतात. चीनमध्ये ओएसएससाठी काम केलेल्या मिचेल वरबेल याच्या सायलेन्सरांवर मिलिटरी आर्मामेंट कॉर्पोरेशन उभी राहिली. तिने साध्या रूगर मार्क वन पिस्तुलाला सायलेन्सर बसवला. कंपनी सत्तरच्या दशकातच बुडाली, म्हणून आता त्या पिस्तुलांनाही भाव आहे.

भारतात हा छंद मुळापाशीच थांबतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच आवाज दाबणारे साधन येते. नुसती नळी बाळगली तरी ते शस्त्र. अमेरिकेत ४२ राज्यांत सायलेन्सर खासगी मालकीत चालतो, आणि २०२६ च्या जानेवारीपासून त्यावरचा २०० डॉलरचा करही शून्यावर आला. अर्ज आणि नोंद मात्र सुटलेली नाही.

त्यामुळे अडचण येते ती वारसांना. माळ्यावरच्या पेटीत आजोबांचे पिस्तूल निघते, जाळी शाबूत, शिक्का स्वच्छ, कागद नाही. आज त्याची नोंद करता येत नाही, विकता येत नाही, घरात ठेवणे हा गुन्हा. वकील सहसा एकच सल्ला देतो: सरकारी यंत्रणेच्या ताब्यात द्या, आणि जमल्यास वितळवण्याऐवजी एखाद्या सरकारी संग्रहालयात जावे, अशी विनंती लेखी करा.